दोर कुणी सोडला

थांबा, आधी सगळं ऐका, मग काय ते विचारा. मागच्या आठवड्यात मला सर्दीबिर्दी काही नव्हती. मी घरी होते, पोर्टलेनीला, आणि तिथं जे झालं ते तेव्हापासून माझ्या पोटात राहत नाहीये. मॉराग, हसू नकोस. म्हणजे सुरुवातीला हस, नंतर नको.

आमच्या गावात दोनशे घरं, त्यातली नव्वद फ्लेट. त्यात पोरांना आजोबांचं नाव ठेवायचं, म्हणजे सँडी, जॉर्ज, परत सँडी, परत जॉर्ज. एकेकाळी अकरा सँडी फ्लेट एकाच वेळी जिवंत होते म्हणे. धक्क्यावर हाक मारली की अर्धं बंदर वळून बघायचं. म्हणून प्रत्येक घराला एक टोपणनाव. आणि ते नुसतं बोलण्यापुरतं नाही, मतदारयादीत, थडग्यावर, सगळीकडं. आम्ही लँटी. हे नाव घराला आणि बोटीला चिकटलेलं असतं. घर ज्याचं, बोट ज्याची, नाव त्याचं. पोरगी लग्न होऊन गेली की तिचं नाव उंबऱ्यापाशीच राहिलं. एवढं लक्षात ठेवा.

आणि हो, लँटी म्हणजे तोच लँटी. सँडी लँटी. तुम्ही चौथीत त्याचं चित्र रंगवलंय, बिस्किटांच्या डब्यावर आहे तो, वादळात होडी आणि हातात दोर. १८४९ च्या नोव्हेंबरात लाकडाचं जहाज आमच्या बंदराच्या तोंडाशी खडकावर फुटलं. सँडी होडी घेऊन गेला. होडीला दोर बांधलेला, दोराचं टोक धक्क्यावर चार माणसांच्या हातात. पाच फेऱ्या, चौदा खलाशी. सहाव्या फेरीला सगळ्यात पुढं उभ्या माणसानं दोर सोडला. होडी गेली, सँडी गेला. डब्यावर एवढंच आहे. पण आमच्याकडं त्या दोर सोडणाऱ्याचं काय केलंय ते डब्यावर नाही. त्याचं नाव गावानं घ्यायचंच बंद केलं. इतकं बंद केलं की आज ते कुणालाच माहीत नाही. खेळताना एखाद्याचा हात सुटला तर पोरं ओरडतात, "दोरसोड्या!" आमच्याकडं यापेक्षा घाण शिवी नाही.

दर वर्षी त्या दिवशी, दिवसाच्या भरतीला, सगळा गाव धक्क्यावर. एक होडी खडकापर्यंत जाऊन येते, आणि दोराचं टोक धरतो सँडीच्या रक्ताचा माणूस. म्हणजे माझे आजोबा. त्यांच्या आधी त्यांचे वडील. होडी आली की प्रत्येकानं समुद्राकडं पाठ करायची आणि खांद्यावरून एक खडा मागं टाकायचा. त्या दोरसोड्याच्या नावानं. पहिला खडा आजोबांचा. एक्केचाळीस वर्षं.

आजोबा अठ्ठ्याहत्तरचे आहेत. बोट विकून नऊ वर्षं झाली, आजी जाऊन चार. गुडघे गेलेत. राहिलाय तो दोर. ऑक्टोबर लागला की ते हात घट्ट व्हावेत म्हणून रोज संध्याकाळी अंगणात बादलीभर वाळू उचलतात. शेजारी म्हणतात, म्हातारा कुस्तीला निघाला.

यंदा एकशे पंचाहत्तरावं वर्ष. बंदर समितीनं ठरवलं की धक्क्यावर एक दगड बसवायचा आणि त्यावर कोरायचं, 'दोर धरला' आणि पुढं घराण्याचं नाव. झालं. समितीच्या बैठकीत जेसी-अ‍ॅन स्लेटर उठली.

जेसी-अ‍ॅन काकू म्हणजे चौकातली बेकरी. चौऱ्याहत्तर वय, हात मोगरीसारखे, जीभ त्याहून जड. ती म्हणाली, "दगडावर कोरायच्या आधी खरं काय ते बघा. सँडी लँटीला एकच लेक होती, एल्सपेट. ती माझी पणजी. माझ्या आजीनं मला मांडीवर घेऊन सांगितलंय."

आजोबा म्हणाले, "जेसी, तुझ्या आजीनं तुला असंही सांगितलं होतं की चंद्र दर शुक्रवारी बेकरीत येतो."

लोक हसले. ती हसली नाही. "तुझ्याकडं कागद आहे का, जॉर्ज?"

"माझ्याकडं नाव आहे. मी लँटी आहे. पाव भाजणारी बाई मला विचारणार मी कोण ते?"

"नाव घराचं असतं. रक्त माणसाचं असतं. कागद आण."

आणि आजोबा, भर सभेत, टेबलावर हात आपटून काय म्हणाले माहितीये? "माझी नात ॲबर्डीनला इतिहास शिकते. ती कागद आणेल. आणि कागदात दुसरं काही निघालं, तर मी पुन्हा त्या दोराला हात लावणार नाही." समितीच्या लोकांनी ते लगेच लिहून घेतलं. मुदत बुधवार दुपार. दोराचा दिवस गुरुवार.

मला फोन आला शनिवारी. "इझा, पोरी, दोन मिनिटांचं काम आहे."

दोन मिनिटं! मी रविवारी घरी गेले, आजोबांच्या स्वयंपाकघरात बसले. चुलीवर धुरी दिलेल्या माशाचं सूप, आजोबा समोर, मी लॅपटॉपवर. आजोबांचे वडील सापडले, त्यांचे वडील सापडले. मग आजोबांचे पणजोबा, जॉर्ज फ्लेट लँटी, आईचं नाव इझोबेल मेअर, बापाचं नाव अलेक्झांडर फ्लेट. सँडी म्हणजे अलेक्झांडरच. आजोबा माझ्या खांद्यावर थाप मारून म्हणाले, "बघ! चांगलं गरम कर सूप."

आणि मग मी १८६१ ची जनगणना उघडली. लँटींचं घर. अलेक्झांडर फ्लेट, इझोबेल मेअर, मुलगा जॉर्ज. वय आठ.

आठ.

मी तीन वेळा बोटावर मोजलं. एकसष्टातून आठ गेले, त्रेपन्न. सँडी एकोणपन्नासात बुडाला. जॉर्ज त्याच्या मरणानंतर चार वर्षांनी जन्मला. आणि त्या यादीत तर अलेक्झांडर फ्लेट जिवंत आहे, घरात बसलाय, वय एकोणचाळीस!

"काय झालं?" आजोबा म्हणाले.

"काही नाही. नेट हळू चालतंय."

आमच्या थडग्यावर जॉर्जचं मरणाचं साल आहे, जन्माचं नाही. घरच्या बायबलमध्ये जन्म लिहितात ते पान कुणीतरी फार पूर्वी नीट कापून काढलेलं. आम्हाला लहानपणी सांगायचे, उंदरांनी खाल्लं. उंदीर कधी पट्टी लावून खातो का? म्हणजे दोन सँडी फ्लेट होते. एक बुडाला, दुसरा त्याच्या घरात येऊन राहिला, आणि घराबरोबर लँटी हे नावही त्याला मिळालं. तो दुसरा कोण?

जन्माची सरकारी नोंद पंचावन्नपासून. त्याआधीचं आमच्या गावचं लग्नाचं रजिस्टर पुराच्या पाण्यात गेलेलं. उरली एकच गोष्ट, चर्चच्या पंचांची वही. तेव्हा गावात कुणी काय पाप केलं, कुणाचं लेकरू कुणाचं, सगळं पंच बोलावून विचारायचे आणि लिहून ठेवायचे. ती वही ॲबर्डीनच्या दफ्तरखान्यात आहे. मी मंगळवारची वेळ घेतली. दहा ते एक. तिथं नियम आहे, वही एका वेळी एकालाच.

मंगळवारी सकाळी मी आत शिरले आणि वाचनाच्या टेबलापाशी, कोट घालून, पर्स मांडीवर घेऊन, कोण बसलं होतं? जेसी-अ‍ॅन काकू! पहाटेच्या बसनं आली होती.

"एक ते चार माझी वेळ आहे," ती म्हणाली. "तुझी संपेपर्यंत मी बसते इथं. घाई नाही."

घाई नाही म्हणे. ती माझ्या समोर बसली, दोन हातांच्या अंतरावर, आणि माझ्या चेहऱ्याकडं बघत राहिली. तीन तास! वहीकडं नाही, माझ्या चेहऱ्याकडं. मी पान उलटलं की ती भुवई उचलायची. मला शिंक आली तरी ती पुढं वाकली.

अक्षर भयंकर होतं. शाई तपकिरी झालेली, ओळींवर ओळी. मी पेन्सिलीनं एकेक शब्द उतरवत होते. साडेअकराला मला बावन्न सालचं पान सापडलं. अलेक्झांडर फ्लेट, 'टोपणनाव पग', याचं लग्न इझोबेल मेअर, सँडी लँटीच्या विधवेशी. तो लँटींच्या घरात राहील आणि त्यांच्या बोटीत वाटा घेईल. मयत नवऱ्याची मुलगी एल्सपेट मावशीकडं, पलीकडच्या गावात वाढेल.

म्हणजे जेसी-अ‍ॅन काकू खरी होती. सँडी लँटीची एकच लेक, एल्सपेट. आणि आम्ही दुसऱ्याचे. आम्ही पगचे.

मी मान वर केली नाही. मला माहीत होतं ती बघतेय. मी पेन्सिल उगीच हलवत ठेवली. डोक्यात फक्त आजोबा. वाळूची बादली. 'पुन्हा हात लावणार नाही' हे लिहून घेतलेलं.

आता तुम्ही म्हणाल तिथं थांबायचं ना. पण मला पगचं काहीतरी खटकत होतं. लग्नाच्या नोंदीत पंचांनी लिहिलं होतं, 'पूर्वीच्या प्रकरणाचा विचार करूनही परवानगी देण्यात येते'. कुठलं पूर्वीचं प्रकरण? मी मागं जायला लागले. एक्कावन्न, पन्नास, एकोणपन्नास. बारा वाजून चाळीस मिनिटं. डिसेंबर एकोणपन्नास. दोर सोडल्याच्या आरोपावरून पंचांनी बोलावलेला माणूस.

अलेक्झांडर फ्लेट पग.

आजोबांनी एक्केचाळीस वर्षं पहिला खडा टाकला, तो स्वतःच्या खापरपणजोबाला. आम्ही दोरसोड्याची औलाद.

त्याखाली अजून दीड पान होतं. पण घंटा वाजली आणि तिथल्या बाई येऊन म्हणाल्या, "वेळ संपली, वही पुढच्यांना द्या."

मी वही समोर सरकवली. पान मिटायचं राहिलं की मी मिटलं नाही, मला आजही सांगता येणार नाही. जेसी-अ‍ॅन काकूनं चष्मा लावला. वाकली. अजून वाकली. नाक कागदाला लागायचं बाकी. मग मान वर करून म्हणाली, "या तर मुंग्या आहेत."

मी पेन्सिल पिशवीत टाकायला लागले.

"तुला येतं हे वाचायला?"

"येतं."

"तर वाच."

"काकू, मी... मी त्या बाजूची आहे."

"माहितीये तू कुठल्या बाजूची आहेस. चार तास बसमध्ये आणि तीन तास तुझ्या तोंडासमोर बसलेय मी. साडेअकराला तुझं तोंड पडलं, तेव्हा मला कळलं मी जिंकले. पण मगाशी तुझा रंगच गेला. त्याचं मला कळलं नाही. तेवढं वाच."

बघा, मला काहीही वाचता आलं असतं. तिला काय कळणार होतं? मी म्हटलं असतं इथं कोंबडी चोरल्याचं प्रकरण आहे. तिचा चष्मा नाकावर, हात पर्सवर, आणि ती माझ्यावर विश्वास ठेवून बसलेली. मला तिचा राग आला त्या विश्वासाबद्दल.

मी वाचलं. हळू आवाजात, कारण तिथं मोठ्यानं बोलायचं नाही. पंचांनी पगला विचारलं, दोर का सोडलास? तो बोलला नाही. दुसऱ्या रविवारी विचारलं, बोलला नाही. तिसऱ्या रविवारीही नाही. त्याचे तळहात बघितले, तर कातडी हाडापर्यंत गेलेली, 'हे सोडणाऱ्याचे हात दिसत नाहीत' असं एका पंचानं लिहायला लावलं. चौथ्या रविवारी न बोलावता इझोबेल आली. सँडीची विधवा. कडेवर एल्सपेट.

इथं मी थांबले.

"वाच," काकू म्हणाली.

इझोबेल म्हणाली, यानं दोर सोडला नाही. होडी उलटी झाली होती. सँडी तिच्यात नव्हता, मी डोळ्यांनी बघितलं. उलटी होडी चौघांना ओढत धक्क्याच्या कडेला घेऊन चालली होती. मी सोडा म्हटलं. मागचे तिघे सोडायला तयार होते, हा ऐकेना, दोर मनगटाला गुंडाळून उभा. मग मी शिंपले उघडायच्या सुरीनं दोर कापला. त्याखाली पंचांचा निर्णय. विधवेच्या आणि अंगावर पिणाऱ्या लेकराच्या भल्यासाठी ही गोष्ट या खोलीबाहेर जाणार नाही. पगलाही तसं मान्य आहे.

पगलाही मान्य आहे! एवढंच! त्याला विचारलं आणि तो हो म्हणाला, आणि पावणेदोनशे वर्षं गावानं त्याला खडे मारले.

जेसी-अ‍ॅन काकूनं चष्मा काढला. पुसला. परत घातला नाही. मग म्हणाली, "माझीच पणजी होती ना ती कडेवर?"

"हो."

"आणि ती इझोबेल, ती तुमचीपण लागते."

"आमचीपण. जॉर्ज तिचाच. माझं इझा हे नाव इझोबेलवरूनच आलंय, पिढ्यान्‌पिढ्या."

परतीच्या बसमध्ये आम्ही शेजारी बसलो. तिनं पिशवीतून तिच्याच बेकरीतले, लोणी लावलेले दोन स्कोन काढले, एक मला दिला. मग खिडकीकडं बघत म्हणाली, "समितीला काय द्यायचं ते सांगते. लग्नाचं पान दे. एल्सपेट माझी, जॉर्ज तुमचा. दोर मला मिळू दे, मी त्यासाठी चाळीस वर्षं भांडलेय. पण ते दुसरं पान राहू दे. तुझ्या आजोबाला लोक दोरसोड्या म्हणतील आणि माझ्या इझोबेलला खुनी. दोन्ही मला बघवणार नाही."

"आणि आजोबांना?"

"ते तुझं तू बघ. मी त्याला आयुष्यात गोड बातमी दिलेली नाही, आता सुरुवात कशाला करू?"

मी आजोबांना दोन्ही पानं दिली. कशी लपवू? ते टेबलापाशी बसले, मी मोठ्या अक्षरात उतरवलेलं, बोट फिरवत वाचलं. पहिलं पान वाचून ते फक्त म्हणाले, "म्हणजे थेरडी खरं बोलत होती." दुसरं पान वाचायला त्यांना वीस मिनिटं लागली. मग त्यांनी स्वतःचे तळहात उलटसुलट करून बघितले. उठले, दार उघडलं, अंगणातली वाळूची बादली लाथेनं उलटी केली. आजोबांनी! ज्यांनी बोट विकताना डोळ्यांत पाणी येऊ दिलं नाही.

"आजोबा."

"एक्केचाळीस खडे, इझा."

"तुम्हाला माहीत नव्हतं."

"माझ्या बापाला माहीत होतं का? कुणीतरी ते बायबलचं पान कापलं ना? कुणाला तरी माहीत होतं. आणि मला दोर हातात दिला आणि सांगितलं, टाक खडा."

"उद्या नका जाऊ धक्क्यावर."

"उद्या बुधवार आहे. उद्या तू कागद दे. परवाचं परवा."

बुधवारी मी समितीला लग्नाचं पान दिलं. अर्ध्या तासात गावाला कळलं. दुकानात दोन बायका मला बघून गप्प झाल्या. एक म्हातारा बंदरावर मुद्दाम मोठ्यानं म्हणाला, "लँटींचं लँटीपण आज संपलं, बघा." दगड कोरणारा विचारत होता नाव काय घालू, समिती म्हणाली उद्या सांगतो.

आणि गुरुवार. तीन दिवस उत्तरेचा वारा वाहून थांबलेला. वारा नव्हता, पण लाटा होत्या, त्या लांब, गुळगुळीत, पोटातून येणाऱ्या. समितीत कुणीतरी म्हणालं, यंदा होडी नको. दुसरं म्हणालं, एकशे पंचाहत्तरावं वर्ष, सगळा गाव आलाय, जायलाच पाहिजे. जवळ मोटरबोट ठेवली आणि चार जण होडीत बसले, लाइफ जॅकेट घालून.

आजोबा आले. सूट घालून, जो त्यांनी आजी गेली तेव्हा घातला होता. लोकांनी वाट दिली, पण कुणी नमस्कार केला नाही. ते जेसी-अ‍ॅन काकूच्या मागं चार हात उभे राहिले. ती कडेला उभी, दोर तिच्या हातात. तिनं नवीन टोपी घातली होती. मी तिच्या बाजूला.

"मी करते बरोबर," ती कुजबुजली, पण मला की आजोबांना, कळलं नाही.

होडी खडकापर्यंत गेली. फिरली. आणि नेमकी तेव्हा एक मोठी लाट आली. होडी धक्क्यापासून मागं खेचली गेली, दोर पाण्यातून वर आला, सरळ, थेंब उडवत, आणि ताठ झाला. आजोबा अशा वेळी काय करायचे? दोर हातातून सरकू द्यायचे, मग परत धरायचे. साधी गोष्ट. पण जेसी-अ‍ॅन काकूनं आयुष्यभर पाव भाजले होते. दोर हातातून निसटेल, सगळ्या गावासमोर निसटेल, याची तिला इतकी भीती होती की तिनं काय केलं होतं? मनगटाला दोन वेढे मारले होते! बोटीवर गेलेलं शेंबडं पोरसुद्धा हे करत नाही.

ती एक पाऊल पुढं गेली. मग दुसरं. बूट शेवाळावर घसरले.

"सोड!" आजोबा ओरडले. "जेसी, सोड!"

अख्खा गाव होता तिथं, आणि त्या धक्क्यावर, त्या दिवशी, हा शब्द कुणी कधी उच्चारला नव्हता.

तिला सोडता येत नव्हता. वेढे आवळले होते. आणि मला वाटतं, आलं असतं तरी तिनं सोडला नसता. मी तिच्या कमरेला मिठी मारली आणि मीपण घसरायला लागले, खाली ते हिरवं पाणी उघडत-मिटत होतं. मला कोटाचा वास येत होता तिच्या, यीस्टचा. मला वाटलं, गेलो.

मग आजोबा मला ढकलून पुढं आले. गुडघे गेलेले आजोबा! खिशातला चाकू त्यांच्या हातात कधी आला मला दिसलं नाही. एक घाव, दोन, तिसऱ्याला दोर तुटला. आवाज झाला बंदुकीसारखा. तुटलेलं टोक समुद्रात सापासारखं पळालं. आम्ही तिघं मागं, एकमेकांवर, दगडांवर आपटलो.

होडीतल्यांना काही झालं नाही. मोटरबोटीनं दोन मिनिटांत धरलं त्यांना.

पण धक्क्यावर कुणी हलेना. तीनशे माणसं आणि आवाज नाही. सगळ्यांच्या मुठीत खडे. आणि माझे आजोबा त्यांच्यासमोर, हातात उघडा चाकू, पायाशी कापलेला दोर.

ते उठले. मला वाटलं ते माफी मागणार. ते म्हणाले, "असंच झालं होतं. कुणी सोडला नव्हता. याच्याहून वाईट समुद्र होता, पुढं उभा होता तो माझा खापरपणजोबा, सँडी फ्लेट पग. आणि कापला तो इझोबेलनं. अंगावर पिणारी लेक होती तिची, नवरा बुडताना बघितला आणि चार जणांना वाचवलं. तिच्या त्या लेकीची पणती ही." त्यांनी जेसी-अ‍ॅन काकूकडं बोट केलं. ती खाली बसलेली, टोपी गेलेली, मनगटावर लाल वळ. "कागद माझ्या नातीकडं आहे. ज्याला वाचायचाय त्यानं घरी यावं. आता टाका खडे, टाकायचे असतील तर. मी इथंच आहे."

आणि ते लोकांकडं तोंड करून उभे राहिले.

काकू म्हणाली, "जॉर्ज, मला उठव आधी, भाषण नंतर कर."

कुणीतरी हसलं. मला वाटतं पाद्रीच हसले. मग त्यांनी हातातला खडा बघितला, जणू तो कुठून आला कळत नाहीये, आणि कोटाच्या खिशात टाकला. मग अजून कुणीतरी. काहींनी टाकले, हं, सगळे काही सुधारले नाहीत. तो लँटीपण संपलं म्हणणारा म्हातारा, त्यानं टाकला, पण पाठ न करता, आजोबांकडं बघत, आणि त्याचा नेम पाण्यातपण लागला नाही.

दगड अजून कोराच आहे. समिती म्हणते वसंतात ठरवू. जेसी-अ‍ॅन काकू रोज संध्याकाळी आजोबांच्या अंगणात येते. आजोबांनी बादलीत वाळू परत भरलीये आणि ते तिला दोर धरायला शिकवतायत. काल फोनवर मला मागून ऐकू येत होतं. आजोबा ओरडत होते, "सरकू दे! अगं बाई, सरकू दे हातातून, मग धर!"

आणि ती म्हणत होती, "ओरडू नकोस, पग!"